हिवाळ्याची तयारी पाण्यापासून सुरू करावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंड हवामानाच्या प्रदेशांतील व्यापारी इमारतींनी हिवाळ्यापूर्वी कोणती तयारी करावी, याविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. बॉयलरची तपासणी, खिडक्यांच्या फटी आणि इंधनाचा खर्च यांबाबत लेखकाने जे लिहिले आहे ते योग्यच आहे. मात्र अशा इमारतींच्या देखभालीत बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, ही तयारी केवळ उष्णतेचा विचार करून आखली तर ती निम्मी फसते. हिवाळ्यात इमारतीचे जे मोठे नुकसान होते ते जवळजवळ नेहमी पाण्यामुळे होते. म्हणून पाणी कुठे साचते, कुठे कोंडते आणि कुठून झिरपते, हे आधी पाहावे लागते. आणि हे पाहण्याची सुरुवात पानगळीच्या दिवसांतील सफाईतून होते, जी बहुतेक ठिकाणी सगळ्यात शेवटी उरकली जाते.

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, हे आपण शाळेत शिकतो. पण त्यामुळे पाइप नेमका कसा फुटतो, याविषयी अनेक जाणत्या लोकांचाही गैरसमज असतो. बर्फ आतून रेटा देतो आणि पाइप त्याच जागी उकलतो, असे समजले जाते. प्रत्यक्षात पाइपात बर्फाचा बोळा धरतो, तो वाढू लागला की बोळा आणि पुढचा बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब चढत जातो, आणि पाइप जिथे कमजोर असेल तिथे, बहुधा बर्फापासून अंतरावर, फुटतो. म्हणूनच कडाक्याच्या रात्री टोकाचा नळ बारीक धारेने सोडून ठेवण्याचा जुना उपाय खुळचट नाही. त्याने कोंडलेला दाब मोकळा होतो. शिवाय फुटलेला पाइप लगेच वाहत नाही. बोळा वितळला की वाहतो, म्हणजे थंडी ओसरून सगळे निश्चिंत झाल्यावर.

याचा एक अनुभव सांगतो. मी ज्या इमारतीचे काम पाहत होतो तिथे प्रवेशद्वारावरच्या फॉल्स सीलिंगमधून पाण्याचा एक पाइप गेलेला होता आणि त्याच्यावरचे आवरण कधीतरी दुरुस्तीत काढले गेले ते पुन्हा बसवले गेलेच नाही. जोडून आलेल्या सुट्ट्यांत कोणीतरी काटकसर म्हणून हीटिंग फार खाली आणून ठेवले. सुट्ट्या सुरळीत पार पडल्या. कार्यालये उघडली, इमारत ऊबदार झाली आणि सकाळी दहाच्या सुमारास छत खाली आले. पाणी तोडायचे तर त्या भागाचा व्हॉल्व्ह बंद करायला हवा होता, परंतु तो कोठीघरात होता आणि त्याच्यापुढे मोडक्या खुर्च्या व जुन्या कागदपत्रांची खोकी छतापर्यंत रचलेली होती. खोकी हलवून व्हॉल्व्हपर्यंत पोहोचेपर्यंत खालचा मजलाही भिजला. आवरणाचा दोष देखभालीचा होता हे मी मान्य करतो, पण नुकसान दुप्पट झाले ते कोठीघर आवरले नव्हते म्हणून.

ज्या इमारतीत हीटिंग सुरू आहे ती सुरक्षित, असे मानण्यातही धोका आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात कडाक्याची थंडी आणि वीजटंचाई एकाच वेळी आली, तेव्हा घराघरांत आणि कार्यालयांत पाइप फुटले. गॅसवर चालणाऱ्या बॉयलरलाही पंप, पंखे आणि नियंत्रणासाठी वीज लागते, हे अशा वेळी लक्षात येते. त्यामुळे जनरेटरची चाचणी शरद ऋतूतच भार देऊन घ्यावी. जनरेटर सुरू करणाऱ्या शिशाच्या बॅटरीची इंजिन फिरवण्याची ताकद उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास जवळजवळ निम्म्यावर येते आणि उन्हाळी डिझेलमधले मेण थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. उन्हाळ्यात पहिल्या झटक्याला सुरू झालेला जनरेटर जानेवारीत रुसतो, त्यामागे बहुधा हीच दोन कारणे असतात.

आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरविषयी लेखात एकही वाक्य नव्हते, हे मला खटकले. ज्या यंत्रणेच्या पाइपांत कायम पाणी भरलेले असते, ती जिथून जाते तिथले तापमान किमान ४ अंश सेल्सिअस राहिले पाहिजे, असा प्रचलित दंडक आहे. जिने, माल उतरवण्याचे धक्के, पोटमाळे आणि बंद ठेवलेले मजले इथे तो हमखास मोडतो. गोठण्याचा धोका असलेल्या वाहनतळासारख्या जागी पाइपांत पाण्याऐवजी दाबाखालची हवा भरतात. तिथे धोका नाही असे समजून लोक विसरून जातात. परंतु चाचणीनंतर उरलेले आणि हवेतल्या बाष्पाचे पाणी अशा पाइपांच्या सखल भागांत उतरते, आणि तिथले निचऱ्याचे व्हॉल्व्ह थंडीपूर्वी उघडून ते काढून टाकले नाही, तर वर्षभर कोरड्या राहिलेल्या यंत्रणेचाही पाइप फुटतो. एकदा उघडून भागत नाही. पाणी यायचे थांबेपर्यंत काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा उघडावे लागते.

आता छप्पर. सपाट छपरावरच्या निचऱ्याच्या तोंडाशी ओली पाने, कागद आणि पक्ष्यांच्या घरट्यांच्या काड्या यांचा थर बसला की पाणी अडते, आणि ते किती जड होते याचा अंदाज फार थोड्यांना असतो. एक चौरस मीटरवर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे १० किलो. १,००० चौरस मीटरच्या छपरावर पाच सेंटीमीटर पाणी साचले तर ५० टन वजन वर चढले, आणि त्याचा बर्फ झाला की त्यावर पडणाऱ्या हिमाला वाहून जायला वाटच उरत नाही. १८ जानेवारी १९७८ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड शहरातल्या क्रीडागृहाचे छप्पर हिमवृष्टीनंतर पहाटे कोसळले. काही तासांपूर्वीच तिथे हजारो प्रेक्षक बास्केटबॉलचा सामना पाहत होते, सुदैवाने कोणी दगावले नाही. पोलंडमधील कातोवित्से येथे २८ जानेवारी २००६ रोजी प्रदर्शनाच्या सभागृहाचे हिमाने लदलेले छप्पर पडले, तेव्हा ६५ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही ठिकाणी रचनेतले दोष होते, आणि केवळ निचरा साफ करून ते टळले असते असा दावा मी करणार नाही. पण आपल्या छपराच्या रचनेत काय दडले आहे हे देखभाल करणाऱ्याला दिसत नसते; त्याच्या हातात असते ते त्यावरचे वजन.

पन्हळी आणि निचऱ्याची तोंडे साफ करण्याचे काम कंत्राटात बहुतेक वेळा ‘वर्षातून एकदा’ असे लिहिलेले असते, आणि कंत्राटदार ते सोयीने पानगळ सुरू होताच उरकतो. मग निम्मी झाडे त्यानंतर पाने टाकतात. एक सफाई पानगळीच्या सुरुवातीला आणि दुसरी झाडे रिकामी झाल्यावर, अशी दोनदा सफाई व्हायला हवी. त्यातही एकच परवडणार असेल तर दुसरी करावी. सफाईनंतर प्रत्येक तोंडात पाणी ओतून ते खाली खरोखर बाहेर पडते का, हेही पाहावे. वरून चकाचक दिसणारा निचरा आत वळणाशी तुंबलेला मी अनेकदा पाहिला आहे.

बाहेरच्या भिंतींबाबत क्रम चुकला की सगळा खर्च वाया जातो. भेगेत शिरलेले पाणी रात्री गोठून ती रुंदावते, दिवसा वितळून आणखी आत जाते, आणि हे चक्र हिवाळाभर चालल्यावर केसाएवढ्या भेगेतून वसंतात खपला निघतो. त्या भेगा सीलंटने, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लवचिक लुकणाने, बुजवायच्या तर पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडा लागतो, तसेच बहुतेक सीलंटना लावताना ५ अंशांच्या वरचे तापमान हवे असते. म्हणजे आधी धुणे, मग वाळण्यासाठी काही कोरडे दिवस, मग पाहणी आणि त्यानंतर भरणे. पहिल्या गोठवणाऱ्या रात्रीपासून मागे मोजत आलो तर धुण्याची तारीख वाटते त्यापेक्षा बरीच आधी निघते. सणासुदीच्या तोंडावर काचा आणि भिंती धुण्याची हौस मी समजू शकतो, पण तेव्हा धुतलेले पाणी त्याच भेगांत गोठायला जाते.

वातानुकूलनाच्या बाजूने एवढेच सांगतो की, थंड पाण्याच्या कॉइलमधले, म्हणजे हवा गार करणाऱ्या वेटोळ्या नळ्यांमधले, पाणी नुसता नळ उघडून पूर्ण निघत नाही. वळणांत राहिलेले पाणी हवेच्या दाबाने काढावे लागते किंवा त्यात ग्लायकॉल हे गोठण रोखणारे द्रव फिरवावे लागते. बाहेरची हवा आत घेणारी झडप नीट मिटते का, हे स्वतः डोळ्यांनी पाहावे, पडद्यावरच्या ‘बंद’ या शब्दावर विसंबू नये. कूलिंग टॉवर, म्हणजे यंत्रणेतले गरम पाणी थंड करणारा मनोरा, रिकामा करताना गाळही काढावा. बाहेरचे नळ आणि बागेच्या पाण्याच्या वाहिन्या यांची गोष्ट वेगळी नाही.

प्रवेशद्वाराची तयारी मात्र खऱ्या अर्थाने सफाई विभागाची आहे. बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले साधे मीठ साधारण उणे ९ अंशांपर्यंतच उपयोगी ठरते. त्याखाली कॅल्शियम क्लोराइड लागते, आणि ते बुटांना चिकटून आत येते तेव्हा फरशीवर चिकट, निसरडा थर सोडते. दोन पावलांत ओलांडता येणारे पायपुसणे अशा वेळी शोभेचे ठरते. आत शिरणाऱ्याची काही पावले त्यावर पडतील असे, किमान ३ मीटर लांबीचे जाड पायपुसणे अंथरावे, त्याची अदलाबदल करायला दुसरा संच ठेवावा आणि फरशीवरचे संरक्षक लेपन थंडीपूर्वीच नव्याने द्यावे. मीठ एकदा फरशीत मुरले की वसंतातले घासणे फारसे उपयोगी पडत नाही. भिंतीच्या तळाशी सहा मिलिमीटरचे छिद्रही उंदराला पुरते, तेव्हा प्रवेशद्वाराच्या आसपास वाकलेले असताना तेही पाहून घ्यावे.

या सगळ्यात मला सर्वांत चुकीची वाटणारी गोष्ट म्हणजे सफाईचे आणि देखभालीचे कंत्राट पूर्णपणे वेगळे ठेवण्याची पद्धत. छताच्या फळीवर उमटलेला तपकिरी डाग, खिडकीखालची सतत ओलसर राहणारी जागा, हीटरमागून येणारी थंड झुळूक या गोष्टी रोज झाडलोट करणाऱ्या माणसाला सगळ्यांच्या आधी दिसतात. पण त्या सांगायच्या कोणाला, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि सांगितल्या तरी तो विषय त्याच्या कंत्राटात बसत नाही. पानगळीच्या सुरुवातीला सफाई कर्मचारी, देखभालीचा तंत्रज्ञ आणि इमारतीचा व्यवस्थापक या तिघांनी गच्चीपासून तळघरापर्यंत एक फेरी एकत्र मारावी आणि निरीक्षणे एकाच वहीत लिहावीत, एवढी साधी व्यवस्था मी ज्या ठिकाणी पाहिली तिथे हिवाळ्यातले रात्री-अपरात्रीचे फोन स्पष्टपणे कमी झाले.

लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल तर लेखकांना एक विनंती आहे. इमारतीतले पाणी तोडणारे सगळे व्हॉल्व्ह दाखवणारा नकाशा कसा तयार करावा आणि तो पहारेकऱ्याच्या खोलीत का लावावा, यासाठी त्यांनी थोडी जागा राखून ठेवावी. आमच्या इमारतीत तो नकाशा होता. तो त्याच कोठीघरात, त्याच खोक्यांमागे भिंतीवर लावलेला होता.

आपला विश्वासू,
इमारत देखभाल विभागातील एक निवृत्त पर्यवेक्षक