अॅडिटिव्हने मायलेज वाढतं का?

संपादक महोदय,
पेट्रोलमध्ये बाटलीभर अॅडिटिव्ह ओतलं की छोट्या गाडीचं मायलेज वाढतं असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, मीही दोन बाटल्या वापरल्या, दर वेळी टाकी फुल करून किलोमीटर लिहून ठेवले, फरक शून्य. इंजेक्टरवर (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागावर) काजळी धरली असेल तर ती साफ करणाऱ्या अॅडिटिव्हने गेलेलं मायलेज थोडंफार परत येतं, पण धडधाकट इंजिनात वाढणार काय? अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेने अशी 100 हून जास्त इंधन-बचतीची प्रॉडक्ट्स तपासली, मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही. त्यापेक्षा टायरमधली हवा बघा, सारखं रेस-ब्रेक करू नका, आणि बाटलीवर मायलेजचा आकडा छापणाऱ्यांकडे टेस्टचा पुरावा मागायलाच हवा.
– एक वाचक