लॉबीतल्या सिक्युरिटी काकांना, माझ्या नावातल्या ळ बद्दल

प्रिय काका,

तुम्हाला मराठी येत नाही, त्यामुळे हे पत्र तुम्ही वाचणार नाही हे मला माहितीये. तुमच्यासाठी एक चिठ्ठी इंग्रजीत लिहून दिलीच आहे, पण ती चार ओळींत संपली आणि त्यात काहीच आलं नाही. पोटातलं सगळं मराठीतच बाहेर पडतं माझं, म्हणून हे इथे सगळ्यांसमोर लिहितेय. तोंडावर तुम्हाला कधी काका म्हटलं नाही, पण गेले दोन महिने मनात काकाच म्हणतेय.

माझं नाव मृणाळ. मृणाल नाही, मृणाळ. आजीने ठेवलेलं, कमळाचा देठ असा अर्थ. परदेशात या ऑफिसात आले त्याच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या मॅनेजरने जाहीर करून टाकलं, हे नाव काही आपल्याला जमणार नाही, आपण हिला मॅरी म्हणू. सगळे हसले, मीपण हसले. नवीन होते, वाटलं असू दे, प्रेमाने म्हणतायत. मग ईमेलमध्ये मॅरी झालं, मीटिंगमध्ये मॅरी झालं, एकदा माझ्या कामाचं कौतुक झालं तेही मॅरीच्याच नावाने. आपल्या क्रिकेटर चेतेश्वर पुजाराला इंग्लंडच्या यॉर्कशायर क्लबकडे खेळताना नाव घेता येत नाही म्हणून 'स्टीव्ह' म्हणायचे, तिथलाच माजी खेळाडू अझीम रफीकने 2020 मध्ये तिथल्या वर्णद्वेषाबद्दल तोंड उघडल्यावर हे सगळं बाहेर आलं, तेव्हा मी ती बातमी वाचली होती आणि पुढे सरकले होते. स्वतःवर येईपर्यंत कळत नाही की नाव काढून घेतलं की माणसाच्या हातात काय उरतं.

नावानंतर माझ्या बोलण्याची नक्कल सुरू झाली. मी एखादा मुद्दा मांडला की मॅनेजर तोच माझ्या सुरात परत म्हणून दाखवायचा, मान हलवत. क्लायंट येणार असला की मला मागच्या खोलीत काहीतरी काम निघायचं. 'तुम्ही लोक' हा शब्द तर दिवसातून किती वेळा यायचा मोजलं नाही. यातली एकेक गोष्ट सांगायला गेलं ना की ती इतकी छोटी वाटते की सांगणाऱ्यालाच लाज वाटते, समोरचा म्हणतो बस एवढंच? एवढंच. रोज एवढंच, दोन वर्षं.

आणि मग ती संध्याकाळ. लिफ्टपाशी आम्ही तिघं, मी, तो मॅनेजर, आणि आमच्याच टीममधला एक जण, आपल्याच भाषेतला, माझ्याशी रोज मराठीत बोलणारा. काहीतरी डेडलाइनवरून विषय निघाला आणि मॅनेजर एकदम म्हणाला की तुमच्यासारख्यांना गठ्ठ्याने परत पाठवलं ना, तर या बिल्डिंगला जरा श्वास घेता येईल, आणि तेही माझ्या सुरात, मान हलवत. पुढे माझ्या कातडीच्या रंगाबद्दल एक वाक्य बोलला, ते मी इथे लिहिणार नाही, आईपण वाचते इथे. मी खाली फरशीकडे बघत राहिले. आमचा मराठी मित्र फोनकडे बघत राहिला. लिफ्ट आली, ते दोघं गेले, मला पाय उचलता येईना.

तुम्ही डेस्कमागून उठून उभे राहिला होतात, ते मला तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं होतं. बोलला काहीच नाहीत. मला वाटलं, बघा, यांनीपण ऐकून सोडून दिलं.

त्यानंतरचे तीन आठवडे मी कधी विसरणार नाही. मला कम्प्लेंट करायची होती आणि ती करू नको हे सांगायला जग गोळा झालं. घरून सांगितलं की तिथे पोटापाण्यासाठी गेलीयस, भांडायला नाही. एका मैत्रिणीने सांगितलं, सगळ्या गोष्टीत रेस कार्ड काढू नये, आपली इमेज खराब होते. आणि ज्याने कानाने ऐकलं होतं तो आमचा मित्र म्हणाला, अगं मी फोनवर होतो, नीट ऐकू नाही आलं, आणि तू जरा सेन्सिटिव्ह आहेस हे मान्य कर ना. मला मॅनेजरच्या वाक्याने रडू आलं नव्हतं, या वाक्याने आलं.

पाचव्या मजल्यावर एचआरमध्ये गेले तर पहिला प्रश्न, तुमचा गैरसमज तर नाही ना झाला? दुसरा, त्याचा हेतू तसा नसेल. तिसरा, कोणी साक्षीदार आहे का? आणि मग अगदी मायेने समजावलं की हा फार गंभीर आरोप आहे, एखाद्याच्या करिअरचा प्रश्न आहे, नीट विचार करा. म्हणजे त्याने मला जे म्हटलं ते गंमत, आणि मी त्याला जे म्हणतेय ते गंभीर. आरोप करणाऱ्यालाच आरोपीसारखं बसवलं होतं तिथे. लोकांना वाटतं वर्णद्वेषाचा आरोप करणं सोपं असतं, तोंडातून काढला की झालं. मी रात्र रात्र जागून त्याच्या बाजूने वकिली केलीये, की खरंच गंमत असेल का, मीच काही चुकीचं ऐकलं का, एका माणसावर खोटा डाग तर लागणार नाही ना माझ्यामुळे. अशाच एका रात्री 1965 सालचा युनोचा वांशिक भेदभावाविरुद्धचा करार काढून वाचत बसले, दुसरं काय करणार. त्यात पहिल्याच कलमात भेदभावाची व्याख्या आहे, वंश, रंग, कूळ, देश या कारणांवरून वेगळं वागवणं, आणि तिथे उद्देश *किंवा परिणाम* असं स्पष्ट लिहिलंय. किंवा. म्हणजे हेतू नव्हता म्हणून विषय संपत नाही हे साठेक वर्षांपूर्वीच जगातल्या देशांनी लिहून ठेवलंय, फक्त आमच्या ऑफिसच्या पाचव्या मजल्यापर्यंत ते पोचलं नाहीये.

आमच्या त्या मित्राचा विचार केला की मला 2021 ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची सिडनी टेस्ट आठवते. बाउंड्रीवर उभ्या असलेल्या आपल्या बोलरला, मोहम्मद सिराजला, स्टँडमधून शिव्या येत होत्या, पोराचे वडील दीड-दोन महिन्यांपूर्वीच गेलेले, दौरा सोडून घरी न जाता तिथेच थांबलेला. त्याने कॅप्टनला सांगितलं. अजिंक्य रहाणे त्याला घेऊन थेट अंपायरकडे गेला, खेळ दहाएक मिनिटं थांबला. टीमला मैदान सोडायचा पर्याय दिला होता असं सिराजने नंतर सांगितलं, आणि अजिंक्यचं म्हणणं होतं की आम्ही काही चुकीचं केलेलं नाही, आम्ही का जायचं, आम्ही खेळणार, त्यांना बाहेर काढा. सहा जणांना बाहेर काढलं. पुढे चौकशीत निघालं की बाहेर काढलेले ते सहा जण वर्णद्वेषी बोललेच नव्हते, पण वर्णद्वेषी शिवीगाळ झाली होती हे मात्र क्रिकेट ऑस्ट्रेलियाने मान्य केलं. हे दोन्ही मला महत्त्वाचं वाटतं. माणूस ओळखण्यात चूक होऊ शकते, म्हणून तर नीट चौकशी पाहिजे, पण त्या आधी कोणीतरी शेजारी उभं राहून म्हणायला पाहिजे की चल, मी येतो तुझ्याबरोबर. मला कोणी म्हणत नव्हतं.

आणि मग त्या गुरुवारी तुम्ही डेस्कवरून हाक मारलीत. हाक कसली, नुसता हात वर केलात. रजिस्टर उघडून माझ्यापुढे फिरवलंत. त्याच रात्रीचं पान होतं, तुमच्या त्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात, 6 वाजून 40 मिनिटं, लिफ्ट, दोन पुरुष एक महिला, आणि खाली तो जे बोलला ते शब्दाला शब्द. मी न लिहिलेलं ते वाक्यपण. मी ते पान बघत उभी राहिले आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला वाटलं की मी वेडी नाहीये. ते झालं होतं. कोणीतरी त्याच रात्री लिहून ठेवलं होतं, आणि मी तुम्हाला मनातल्या मनात दोष देत होते तेव्हाही ते तिथे लिहिलेलंच होतं.

तुम्ही म्हणालात, मी ऐकलंय, मी लिहून देतो. मी म्हटलं तुमची नोकरी? तुम्ही एजन्सीच्या कॉन्ट्रॅक्टवर, पाचव्या मजल्यावरून एक फोन गेला तर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस त्या खुर्चीत. तुम्ही खांदे उडवलेत आणि कागद काढलात.

पण मला ज्याच्यासाठी हे पत्र लिहायचं होतं ते याच्या पुढे आहे.

तुम्ही पेन टेकवलंत आणि थांबलात. विचारलंत, तुमचं नाव नीट कसं म्हणायचं? मी सवयीने म्हटलं, मॅरी लिहा. तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. म्हणालात, ते नाही, तुमचं. मी सांगितलं. तुम्ही म्हणून बघितलंत, मृणाल झालं. मी म्हटलं चालेल, चालतं, सगळे तसंच म्हणतात. तुम्ही म्हणालात, नाही, शेवटचं अक्षर वेगळं येतंय तुमच्या तोंडात, परत म्हणा. मी परत म्हटलं. जीभ मागे वळवावी लागते म्हणून हाताने दाखवलं. मागे लोक आयकार्ड दाखवायला खोळंबले होते, तुम्ही त्यांना थांबायला सांगितलंत आणि माझ्या तोंडाकडे बघून चार-पाच वेळा म्हणालात, आणि पाचव्यांदा ळ आला. पुरता आला. मराठी माणसं सोडली तर इथे कोणी तो ळ उच्चारला नव्हता. मग तुम्ही लिहायला घेतलंत, अक्षर न् अक्षर विचारून.

चौकशीच्या दिवशी त्या लांब टेबलाभोवती सगळे मला मॅरीच म्हणत होते, सवयीने, एचआरवालेसुद्धा. तुम्ही आत आलात, बसा म्हटल्यावरही उभेच राहिलात आणि सांगायला सुरुवात केलीत ती माझं पूर्ण नाव घेऊन, ळ सकट. ते लोक एकमेकांकडे बघायला लागले, की हे कोणाबद्दल बोलतायत. माझ्याबद्दल, काका. माझ्याबद्दल बोलत होतात तुम्ही. आणि तुमच्या त्या अख्ख्या कागदात 'रेसिस्ट' हा शब्द एकदासुद्धा नव्हता हे मला नंतर वाचताना कळलं. कोणाला काही ठरवलं नव्हतं तुम्ही. काय ऐकलं, किती वाजता, कोण कुठे उभं होतं, एवढंच. म्हणूनच त्यांना त्याच्यावर काही बोलता आलं नाही.

पुढचं सगळं लिहीत बसत नाही. तो आता आमच्या टीममध्ये नाही. आमचा मित्र अजून आहे, परवा म्हणाला बरं झालं गं, मी मनातून तुझ्या बाजूनेच होतो. मला उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

आता जे सांगायचंय ते सांगायला जड जातंय, पण या पत्रात ते नसेल तर पत्र खोटं होईल. दोन वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ मी तुमच्यासमोरून गेले आणि तुम्हाला एकदाही नीट गुड मॉर्निंग म्हटलं नाही. उलट पहिल्या आठवड्यात घरी फोनवर बोलताना तुमच्याबद्दल, तुमच्या रंगाबद्दल एक शब्द वापरला होता, मराठीत, हसत, तुम्हाला कळणार नाही या खात्रीने. तो शब्द मला आता रात्री ऐकू येतो. 2007 च्या ऑक्टोबरमध्ये वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला आपल्या लोकांनी माकडाचे हावभाव करून दाखवले, त्याचा फोटो जगभर छापून आला, चार जणांना पोलिसांनी स्टँडमधून बाहेर काढलं. मी तेव्हा शाळेत होते, ती मॅच घरी टीव्हीवर सगळ्यांबरोबर बघत होते. आमच्या घरात कोणाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, खेळात एवढं चालतं म्हणाले, म्हणजे पाचव्या मजल्यावर मला जे सांगितलं तेच, तसंच. सायमंड्स 2022 मध्ये गेला तेव्हा मी त्याच्या बॅटिंगबद्दल हळहळले होते. तो फोटो आठवलासुद्धा नव्हता.

तुम्हाला हे माहीत असतं तर तुम्ही माझ्यासाठी उभे राहिला असतात का, हा प्रश्न मी स्वतःला खूप वेळा विचारलाय. मला वाटतं राहिला असतात. तुम्ही मी चांगली आहे की वाईट हे बघून ते पान लिहिलं नव्हतं, तुम्ही कोणाच्याही बाबतीत ते लिहिलं असतं, तुमची ड्युटी म्हणून. असा साधा सरळ माणूस भेटणं किती मोठी गोष्ट आहे हे मला शब्दांत नाही सांगता येत. मोठमोठ्या पदांवरची माणसं, डायव्हर्सिटीच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या रांगेत बसणारी, ती गप्प बसली, आणि ज्याचं सगळ्यात जास्त जाणार होतं तो माणूस बोलला.

गेल्या शुक्रवारी मी शेवटी विचारलं तुम्हाला, तुमचं नाव काय. बिल्ल्यावर जे आहे ते तीन अक्षरी, ते एजन्सीने कापून केलेलं निघालं. पूर्ण नाव तुम्ही सांगितलंत आणि मी अडकले. त्यात एक असा आवाज आहे जो आमच्या बाराखडीत नाही, ग आणि ब एकाच वेळी, ओठ मिटून उघडतात आणि घशातून ग येतो, एकाआड एक नाही, एकदम. मी म्हटलं की गब होतंय. तुम्ही हसलात, म्हणालात चालेल. मी म्हटलं नाही, परत म्हणा.

ते नाव मी इथे लिहीत नाही, तुमची ड्युटी अजून त्याच डेस्कवर आहे. पण दोन दिवस घरी आरशासमोर म्हणतेय, दहात तीन-चार वेळा बरोबर येतंय असं वाटतं. सोमवारी सकाळी डेस्कपाशी थांबून म्हणून दाखवते. चुकलं तर सोडून देऊ नका.

तुमची,
मृणाळ