आईच्या बोटांना जमेल असा ब्रश

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

दोन-तीन दिवसांत कुरिअरने एक छोटं खोकं येईल. आधी हे पत्र वाचा, मग खोकं उघडा. फोनवर सांगायला लागले की आई "कशाला उगीच खर्च" म्हणते आणि विषय तिथेच तुटतो, म्हणून लिहून पाठवते आहे.

संक्रांतीला आले होते तेव्हा एक बघितलं आणि ते डोक्यातून जात नाही. आई, परसातल्या नळाशी तू चूळ भरलीस ती गुलाबी होती. विचारलं तर म्हणालीस, "काय नाही, ब्रश लागला असंल." दुपारी तिळाची वडी चावून न खाता नुसती तोंडात धरून विरघळवत होतीस. आणि भाकरी आमटीत कुस्करून. माझ्या लहानपणी तू उसाचं कांडं दातांनी सोलून मला द्यायचीस, ते आठवलं आणि घास घशात अडकला.

मग दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तू दात घासताना बघत उभी राहिले. सांधेदुखीने तुझी बोटं सकाळी वळतच नाहीत. ब्रश मुठीत धरून तू पुढच्या दातांवर चार वेळा फिरवतेस आणि संपलं. आतल्या दाढांकडे हात जातच नाही. तुझी काही चूक नाही, बोटं ऐकत नाहीत त्याला तू काय करशील.

म्हणून हा चार्जिंगचा ब्रश. बाबा, हे शहरातलं फॅड नाही. विजेवर चालणारा पहिला ब्रश १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये निघाला, आणि तो ज्यांचे हात नीट चालत नाहीत अशा रुग्णांचाही विचार करून केला होता. म्हणजे मूळचा आईसारख्यांसाठीही.

निवडताना मी महिनाभर घोळ घातला. सगळ्यांत स्वस्त मिळतात ते पेन्सिल सेलवर चालणारे. ते मी बाजूला ठेवले. सेल हळूहळू उतरतो, ब्रश रोज थोडा थोडा मंद होत जातो आणि वापरणाऱ्याला कळतही नाही. शिवाय सेल बदलायचं ते झाकण आईच्या बोटांना उघडणार नाही. चार्जिंगवाले त्याहून महाग, पण त्यांच्यातही साधे आहेत. पाच-पाच मोड, मोबाइलला जोडणारं ॲप, प्रवासाची पेटी, यातलं काही तुम्हाला लागणार नाही आणि किंमत नेमकी त्यानेच वाढते. मला तीनच गोष्टी हव्या होत्या: एकच मोठं बटण, दोन मिनिटांचं घड्याळ, आणि जोरात दाबलं तर सांगणारी सोय.

ही तिसरी गोष्ट बाबांसाठी. बाबा, तुम्ही राखुंडी आणि बाभळीच्या काडीवर वाढलात, त्यामुळे ब्रशही तांब्या घासावा तसा घासता. माठातलं पाणी प्यायलं की दात शिणशिणतात ना? हिरडी वर सरकलीय आणि मुळाशी खाचा पडल्यात, त्यातून ते होतं. या ब्रशवर जास्त जोर दिला की लाल दिवा लागतो. तो लागला की हात सैल सोडायचा. हा ब्रश घासायचा नसतो, दातावर नेऊन नुसता ठेवायचा, दोन-तीन सेकंद थांबायचं आणि पुढच्या दातावर सरकायचं. फिरायचं काम तो करतो.

दोन जाती असतात. एकीचं डोकं गोल आणि लहान, ते मागे-पुढे अर्धवट फिरतं, ओरल-बी त्या जातीचा. दुसरीचं डोकं नेहमीच्या ब्रशसारखं लांबट आणि अतिशय वेगाने थरथरणारं, फिलिप्सचा सोनिकेअर तसा. दोन्ही चांगल्या. मी गोल घेतला, कारण आईचं तोंड फार उघडत नाही आणि लहान डोकं शेवटच्या दाढेमागे जातं.

बाबा, तुम्ही कारखान्यात आयुष्यभर हिशेब तपासलेत, तेव्हा तुम्हाला आकडे लागणार. कॉक्रेन नावाची संस्था जगभरच्या वैद्यकीय चाचण्या गोळा करून ताडून बघते. २०१४ साली त्यांनी ५६ चाचण्या तपासल्या. तीन महिन्यांहून जास्त वापरात दातांवरचा चिकट थर साध्या ब्रशपेक्षा २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी आढळली. ज्याचा हात चांगला चालतो तो साध्या मऊ ब्रशनेही नीट दात घासू शकतो, हेही खरंच आहे. पण आईचा हात चालत नाही, आणि मला काळजी तिची आहे.

खर्चाचं म्हणाल तर दांडी एकच घेतली आहे आणि वरची डोकी चार. ब्रशची डोकी काढता-घालता येतात, त्यांना खाली रंगीत कडं असतं. पिवळं आईचं, निळं बाबांचं. दांडी दोघांत एक चालते, डोकं मात्र कधीच एकमेकांचं वापरायचं नाही. दर तीन महिन्यांनी डोकं बदलायचं. खरा चालू खर्च तोच, म्हणून ज्याची डोकी सहज मिळतात असाच ब्रश बघून घेतला. दुसरा एक जवळजवळ निम्म्या किमतीत होता, पण त्याची डोकी कुठेच दिसेनात. तो वर्षाने फेकावाच लागला असता.

चार्जिंगचा स्टँड नळाजवळ नको. माजघरात मोबाइल लावता त्या बोर्डाशी ठेवा. दांडीच्या बुडाला उघडी तार नाही, नुसती स्टँडवर उभी केली की चार्ज होते. दोघांनी वापरलात तर आठवड्यातून एकदा रात्रभर ठेवली की पुरे. वापरून झाल्यावर डोकं काढून आतून-बाहेरून धुवा, नाहीतर त्या खोबणीत काळी घाण साचते. आणि आई, पेस्ट लावून ब्रश आधी तोंडात घाल, मग बटण दाब. उलटं केलंस तर साडीवर शिंतोडे उडतील. पहिले काही दिवस गुदगुल्या होतील, थोडं रक्तही दिसेल. घाबरून सोडू नकोस.

पण एक काम ब्रशच्या आधी करायचं आहे. दातांवर जे कीटण धरलंय ते कुठल्याच ब्रशने निघत नाही, दंतवैद्याकडूनच काढावं लागतं. "दात साफ केले की ढिले होतात" असं तू म्हणतेस. दात ढिले करतं ते कीटणच, हिरडीखाली शिरून. काढल्यावर ती फट मोकळी होते, म्हणून दात हलल्यासारखे वाटतात. तुला साखरही आहे. हिरड्या सुजलेल्या राहिल्या तर साखर आवरत नाही, आणि साखर वाढली की हिरड्या आणखी बिघडतात. वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे. तिथेच जाऊ. तू मिश्री सोडलीस त्याला सात वर्षं झाली. मला त्याचा किती अभिमान आहे हे तुला कधी नीट सांगितलं नाही. तरी इतकी वर्षं लावलेली, तेव्हा गालाच्या आतली बाजूही त्यांना एकदा दाखवून घेऊ. दुखत नसलं तरी.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. तोवर खोकं आलं तर ब्रश नुसता चार्जिंगला लावून ठेवा, पहिल्यांदा आपण तिघं मिळून करू. खोकं टाकू नका, आत बिल आहे, वॉरंटीला लागेल.

तुमची,
थोरली