पाहुण्याची पसंती आहे तर पूर्ण वाजवा ना

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रेडिओवर सकाळी शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम लागतो, ज्यात एक पाहुणा येतो आणि आपल्या आवडीचं गाणं लावायला सांगतो, त्याबद्दल लिहायचं होतं. स्टेशनचं नाव टाकत नाही, उगाच कोणाला वरून बोलणं बसायला नको, ऐकणारे ओळखतीलच.

कल्पना एक नंबर आहे, हे आधी सांगतो. नाहीतर स्टेशनवाले आपल्या मनाने लावतात तेव्हा फिरून फिरून तेच चार रेकॉर्डिंग. पाहुणा आला की काहीतरी वेगळं निघतं. आमच्याकडे रानडुकरांमुळे रात्रभर वावरात जागल करून पहाटे घरी येणारे, डेअरीवर दूध घालायला जाणारे, असे बरेच जण हे ऐकतात, खिशात छोटा रेडिओ नाहीतर मोबाईल. कोणाला राग कळतो कोणाला नाही, पण ऐकतात.

पण राजेहो, पाहुणा बोलतो किती! अर्ध्या तासात वीस मिनिटं गप्पा, मी अमुक मैफलीला होतो, तमुक बुवा आमच्या घरी जेवायला आले होते, आणि मग गाणं लावलं की चार मिनिटांत फेड आउट. मागे एका पाहुण्याने अमीर खाँसाहेबांनी गायलेला ललत राग लावायला सांगितला. आता त्यांची लय किती संथ हे ऐकणाऱ्याला माहीत आहे, अति विलंबित, म्हणजे एकदम संथ लयीतल्या झुमरा तालाचं चौदा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे एक फेरी, मिनिटभर सुद्धा चालते, मग चार मिनिटांत आवर्तनं झाली किती? चार-पाच. ललतमधले दोन मध्यम, म्हणजे शुद्ध आणि तीव्र म, एकमेकांना लागून कसे येतात ते कानात बसायच्या आतच निवेदिका बोलायला लागली. वाफ्यात पाणी शिरलं न शिरलं की मोटर बंद, असा प्रकार झाला. नुसता चेहरा दाखवायचा असेल तर बडा ख्याल, म्हणजे असं संथ लांब गाणं, लावताच कशाला?

वेळ नाही म्हणाल तर त्यालाही उपाय आहे. जुन्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्या लावा. अब्दुल करीम खाँसाहेब, केसरबाई यांच्या तबकड्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांच्या, आणि त्या वेळात राग बसवायचा हे ठरवूनच ते लोक गायलेत, त्यात सुरुवात आहे, मध्य आहे, शेवट आहे. तीन मिनिटांचं पूर्ण गाणं आणि पाऊण तासाच्या गाण्यातली तीन मिनिटं, दोन्ही सारखं नाही होत. पाहुण्याला आधीच फोनवर विचारा की बाप्पा दोन लहान पाहिजे का एक मोठं, आणि मोठं म्हणाला तर त्याने दोन वाक्यं बोलून गप्प बसावं.

एका पाहुण्याने तर सकाळी सात वाजता भूप लावायला सांगितला, जो खरं तर रात्रीच्या सुरुवातीला गायचा राग. आवड त्याची, वाजवावाच, पण निवेदिकेने विचारायचं तरी की सकाळीच का? तेच पाच स्वर घेऊन देसकार राग सकाळी गातात, भूपात गंधारावर (ग) जोर आणि देसकारात धैवतावर (ध), दोन्ही एकामागे एक लावले असते तर आमच्या भजनी मंडळातल्या पोरांना पुस्तकाशिवाय समजलं असतं. अशा ठिकाणी गप्पा मारा की, तिथे आम्हाला बोललेलं पाहिजे आहे.

दुसरं, पाहुणे. सगळे शहरातले. डॉक्टर, मोठे ऑफिसर, नाट्यगृहाचे विश्वस्त. ते ऐकत असतील, नाही म्हणत नाही, पण कार्तिकात महिनाभर पहाटे काकड्याला पेटी वाजवणारा माणूस स्टुडिओत का नाही बसत? पेटीला तर याच रेडिओने 1940 ते 1971 बंदी घातली होती, तेवढी परतफेड समजा! आणि गाणं काही फक्त पुण्या-मुंबईत जन्माला येत नाही, वसंतराव देशपांडे 1920 साली आमच्या मूर्तिजापूरला जन्मले, नागपूरला सप्रे गुरुजींकडे शिकले, पुढे कितीतरी वर्षं मिलिटरी अकाउंट्सची नोकरी करत गायले. त्यांचं रेकॉर्डिंग कोण्या पऱ्हाटीवाल्या, म्हणजे कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याने सांगावं, कोण्या एसटी कंडक्टरने सांगावं, आणि त्याला ते का आवडतं हे त्याच्या भाषेत एका मिनिटात सांगावं. स्टुडिओपर्यंत यायला गाडीभाडं परवडत नसेल तर फोनवर घ्या, आवाज थोडा खरखरला तर काही बिघडत नाही, गाणं तर तुमच्याकडूनच वाजणार आहे.

स्टेशनला पत्र टाकून झालं, उत्तर नाही म्हणून तुम्हाला त्रास देतोय. छापलंत तर कदाचित कोणी वाचेल तिथे.

आणि एक राहिलंच. गायकाचं, रागाचं, तालाचं आणि तबला-पेटीच्या साथीदारांचं नाव गाणं संपल्यावर परत एकदा सांगत जा. शेजारच्या वावरात मोटर सुरू झाली की मिडियम वेव्हवर नुसती खरखर येते, सुरुवातीला सांगितलेलं नाव तिच्यात जातं, मग दिवसभर एकमेकांना विचारत बसावं लागतं की सकाळी गात कोण होतं.

आपला,
एक श्रोता, ता. दारव्हा, जि. यवतमाळ