घूमजाव नव्हे, जुनाच हिशेब

महोदय,

पीकेके या सशस्त्र कुर्दी संघटनेशी तडजोडीची भाषा सुरू करून तुर्कस्तानने कुर्दांच्या प्रश्नावर घूमजाव केले, असा सूर सध्याच्या बहुतेक विश्लेषणांत आढळतो. तो मला पटत नाही. सीमेपलीकडच्या कुर्दांपैकी कोणाला जवळ करायचे आणि कोणावर रणगाडे धाडायचे, हे तुर्की राजधानी अंकारा नेहमी दोनच गोष्टींवरून ठरवत आली आहे : त्या नेत्याची भिस्त आपल्यावर किती आणि पीकेकेशी त्याचे नाते काय.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर अध्यक्ष तुर्गुत ओझाल यांनी इराकी कुर्दांशी थेट बोलणी सुरू केली. बारझानी आणि तालाबानी हे नेते चक्क तुर्की पारपत्रावर परदेशी जाऊ लागले. २००७ मध्ये एर्दोगन यांनी त्याच बारझानींना टोळीप्रमुख ठरवून बोलणी नाकारली आणि २०११ मध्ये स्वतः इराकी कुर्दांची राजधानी एर्बिलला जाऊन त्यांच्यासोबत विमानतळाचे उद्घाटन केले. पुढे कुर्दी तेल तुर्कस्तानच्या जेहान बंदरातून जगाच्या बाजारात जाऊ लागले. २०१७ मध्ये इराकी कुर्दांनी सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी स्वातंत्र्याचा कौल दिला, तेव्हा एर्दोगन यांनी तेलाची तोटी बंद करण्याची धमकी दिली. तेव्हा तोटी काही बंद झाली नाही.

सीरियात हाच हिशेब अधिक उघडा पडतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये उस्मानी घराण्याचा पूर्वज सुलेमान शाह याची कबर हलवण्यासाठी तुर्की रणगाडे वायपीजी या पीकेकेशी जवळीक असलेल्या सीरियन कुर्दी संघटनेच्या ताब्यातील कोबानीतून निर्वेध गेले. त्याच वर्षी जुलैत पीकेकेशी देशांतर्गत चाललेली शांतता बोलणी फिसकटली आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वायपीजीकडून तुर्की फौजांनी सीरियातील आफ्रिन हिसकावून घेतले. या अवधीत सीरियातील कुर्द फारसे बदलले नव्हते, बदलले होते ते अंकारातील राजकारण.

म्हणूनच पीकेकेचे तुरुंगातील संस्थापक ओजालान यांचे फेब्रुवारी २०२५ मधील शस्त्रे खाली ठेवण्याचे आवाहन आणि त्यानंतर इराकमधील सुलेमानियाजवळ पीकेकेने पेटवलेली शस्त्रे ही दृश्ये महत्त्वाची असली, तरी अपुरी आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये एर्दोगन यांचे मित्रपक्षाचे नेते, कट्टर राष्ट्रवादी बहचेली यांनी ओजालान यांना संसदेत बोलू देण्याची भाषा केली आणि दोनच आठवड्यांत तुर्कस्तानातील मार्दिन व बातमान येथील निवडून आलेल्या कुर्द महापौरांना पदावरून दूर करून तेथे सरकारी प्रशासक बसवण्यात आले. शस्त्रे जाळल्याची छायाचित्रे आपण ठळक छापलीत. या महापौरपदांचे पुढे काय झाले, याचाही मागोवा आपल्या दैनिकाने घ्यावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा