विरंगुळा केंद्राचं कुलूप काढा

मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न.

आमच्या प्रभागातलं ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र पावसाळ्याआधी दुरुस्तीसाठी बंद झालं. गणपती झाले की उघडू, असा शब्द आम्हाला दिला होता. काल जाऊन पाहिलं, तर दाराला नवं कुलूप, आत ठेकेदाराच्या सिमेंटच्या गोण्या आणि बाहेर भिंतीला टेकवलेला आमचा कॅरम बोर्ड, भिजून फुगलेला.

साहेब, यजमान गेल्यापासून मी एकटी राहते. दूधवाला पिशवी दाराला अडकवून निघून जातो, त्यानंतर दिवसभर तोंडातून शब्द निघत नाही. केंद्रात एक दुपार दिसले नाही, तर संध्याकाळी फोन यायचा, "ताई, बरं आहे ना?" एक आजोबा रोज गोळ्यांची पाकिटं पुढे करून विचारायचे, यातली रात्रीची कोणती? ते आता कोणाला विचारत असतील? आमच्यातले दुसरे एक गृहस्थ न्हाणीघरात पडले. दुसऱ्या दिवशी कामवाली आली तेव्हा कळलं. केंद्र चालू असतं, तर त्याच संध्याकाळी कोणीतरी दार वाजवलं असतं.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा 2007 चा कायदा आहे, 2013 चं राज्याचं ज्येष्ठ नागरिक धोरण आहे. पोलीस ठाण्याने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावी, महिन्यातून एकदा तरी भेटावं, असं त्या कायद्याखालच्या राज्याच्या 2010 च्या नियमांत आहे. माझ्या दारात आजवर आले ते फक्त मतं मागणारे. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइन आहे, पण फोनवरची मुलगी शेजारी येऊन बसू शकत नाही.

रेल्वेत ज्येष्ठ बायकांना निम्मं भाडं माफ होतं, म्हणून बहिणीकडे जाणं व्हायचं. मार्च 2020 मध्ये तेही गेलं. रेल्वे तुमच्याकडे नाही, ठाऊक आहे. पण ज्या टेबलासमोर उभं राहावं, तिथे "हे आमच्याकडे नाही" हेच ऐकायला मिळतं. ऐंशीच्या आतल्या गरीब म्हाताऱ्याच्या पेन्शनमध्ये केंद्र सरकारचा वाटा महिना 200 रुपये. आणि 2011 च्याच जनगणनेत साठीपुढचे आम्ही राज्यात एक कोटीच्या वर होतो! एवढ्या माणसांचं कोणालाच काही वाटत नाही?

गोण्या हलवा, किल्ली आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाकडे द्या. झाडलोट आम्ही करू, वीजबिलाला वर्गणी काढू. आणि पोलिसांची ती यादी आमच्या प्रभागात आहे की नाही, ते लेखी कळवा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका