नाशिकच्या भद्रकालीतल्या दोरवाल्या काकांना, मनापासून

काका नमस्कार, तुम्ही मोबाईल फक्त फोन घ्यायला वापरता हे माहितीये मला, पण तुमचा नातू दुकानात बसतो तो वाचून दाखवेल अशी आशा आहे, आणि नाही दाखवलं तरी बाकीच्यांना तरी कळू दे तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते.

मी ती इंदिरानगरची. पोळ्याच्या दोन दिवस आधी, भर गर्दीत आलेली. आजूबाजूला कासरे, म्होरक्या, गोंडे घ्यायला आलेली माणसं आणि त्यात मी विचारतेय तीन एमएमची सुती दोरी आहे का. तुम्ही विचारलंत, "बैल किती?" मी म्हटलं बैल नाहीत काका, भिंत आहे.

तर झालं असं होतं की आईचा पाय प्लास्टरमध्ये, ती दिवसभर पलंगावर, आणि समोर भाड्याच्या घराची ओल आलेली पिवळट भिंत. ड्रिल करायचं नाही अशी घरमालकांची अट, एक जुना खिळा तेवढा होता. म्हणून मी ते बोहो टाइपचं दोरीचं वॉल हँगिंग करायला घेतलं, मॅक्रमे म्हणतात ते. तयार घ्यायचं तर दीड-दोन हजार सांगतात, म्हणून दोरी ऑनलाइन मागवली, 'प्युअर कॉटन' लिहिलेली. चार रात्री जागून केलं तर गाठी सैल होऊन घसरायला लागल्या, खालच्या झिपऱ्या फुलेचनात, आणि मधली पट्टी तर जिन्यासारखी गोल गोल फिरली. रडायलाच आलं होतं मला.

तुम्ही गिऱ्हाईक थांबवून ती पिशवी उघडलीत. दोरीचं टोक काडीने पेटवलंत, ते वितळून काळा कडक मणी झाला, मग तुमच्या रिळातलं टोक पेटवलंत तर ते कागदासारखं जळलं आणि बोटात चुरून राख झाली. "ही सुती, ती नायलॉन मिसळलेली, गाठ धरणार कशी?" बस. एवढं एक मिनिटाचं काम, पण मला तोपर्यंत वाटत होतं माझ्याच हातात काही नाही.

आणि मग ती फिरलेली पट्टी. ते बघून तुम्ही म्हणालात हे तर शिंक्याचं काम आहे पोरी, आमची आई दह्याच्या मडक्याला करायची. चार दोऱ्या घेतल्यात, मधल्या दोन ताठ, बाजूच्या दोन काम करणाऱ्या, आणि त्यातल्या एकीला गोंड्याचा लाल दोरा बांधलात. "ही लाल डावीकडे असो नाहीतर उजवीकडे, दर वेळी हीच पुढनं जाणार, दुसरी मागनं. मग पट्टी सपाट बसते." मी नेहमी डावीकडनंच सुरू करत होते, म्हणजे एकदा एक दोरी पुढे एकदा दुसरी, म्हणून पीळ पडत होता! किती व्हिडिओ बघितले असतील मी, पण त्या लाल दोऱ्याएवढं स्पष्ट मला कुणीच सांगितलं नव्हतं.

हिशोबही तुम्हीच करून दिलात. जेवढी लांबी हवी त्याच्या चौपट, आणि दोरी मधोमध दुमडून काठीला अडकवायची म्हणून आठपट. दोन फुटाच्या हँगिंगला सोळा फुटाची एक, अशा चोवीस. पाऊण किलोत सगळं बसलं, थोडी उरली पण. कापलेली टोकं उसवतात म्हणून प्रत्येकाला तात्पुरती चिकटपट्टी लावायची हेही तुमचंच.

काठी विकत नाही घेतली. निफाडला मावशीकडे एप्रिलच्या खरड छाटणीतल्या द्राक्षाच्या काड्या चुलीसाठी रचून ठेवलेल्या असतात, त्यातली एक जाड, जरा वाकडी उचलली, साल काढली, पॉलिश पेपर मारला. इतकी देखणी दिसते ती, दुकानातल्या गुळगुळीत दांड्याला सर नाही यायची. थोडी दोरी चहाच्या पाण्यात उकळून बदामी करून घेतली, ती मधनं मधनं वापरली.

गाठी मी मारल्या, एका ओळीत बारा. पण खालच्या झिपऱ्या आईने केल्या काका. पलंगावर बसून, मांडीवर जुना टॉवेल, एकेका दोरीचा पीळ उलटा फिरवून सोडवायचा आणि मग बारीक दातांच्या फणीने खालून वर विंचरत जायचं, वरून ओढलं की गुंता होतो. माझे लहानपणी केस विंचरायची तसंच, एक हात वर घट्ट धरून. दोन दुपारी ती त्यातच होती. पाय दुखतोय हे त्या दोन दिवसांत एकदाही म्हणाली नाही, आणि कापसाचा भुगा सगळ्या चादरीवर.

आता ते भिंतीवर आहे, ओलीचा डाग बरोब्बर झाकला गेलाय. लाल दोरा मी काढलाच नाही, डावीकडून तिसऱ्या पट्टीत आहे अजून, जवळ गेलं की दिसतो.

तुम्ही शिकवायचे पैसे घेतले नाहीत, दोरी पण वजन करून वर हातभर जास्तच दिलीत, आणि मी गर्दीत धड थँक्यू पण म्हटलं नाही. खूप खूप आभार काका.

आईला आता तुळशीच्या कुंडीसाठी शिंकं करायचंय, तुमच्या आईसारखं. दिवाळीची गडबड संपली की तिला रिक्षाने घेऊन येते, तीच दोरी अर्धा किलो बाजूला काढून ठेवा, आणि गोंड्याचा लाल दोरा थोडासा.